तेच तेच टंकन स्क्रिप्टवर सोपवताना

गृहनिर्माण संस्थेच्या ४८ सदनिकांची देखभाल रक्कम दरमहा एक्सेलमधून हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची असते, आणि त्या सॉफ्टवेअरला फाइल आयात करण्याची सोय नसते. अशा वेळी ऑटोहॉटकी हे विंडोजसाठीचे मोफत, मुक्तस्रोत साधन उपयोगी पडते. कोणती कळ कधी दाबायची आणि कोठे क्लिक करायचे, हे एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवले की ते काम संगणक करतो.

स्थापना करताना दुसरी आवृत्तीच घ्यावी. इंटरनेटवर सापडणारे बरेच नमुने पहिल्या आवृत्तीचे असतात आणि दुसरीत ते चालत नाहीत. पाठवायचा मजकूर अवतरणचिन्हांत नसेल, तर नमुना बहुधा जुना आहे असे समजावे.

सुरुवात लघुरूपापासून, म्हणजे दोन-तीन अक्षरे टंकताच पूर्ण वाक्य उमटवणाऱ्या खुणेपासून, करणे सोयीचे. नोटपॅडमध्ये पुढील ओळ लिहावी, फाइल यूटीएफ-८ या, मराठी अक्षरे नीट साठवणाऱ्या, संकेतनात जतन करावी आणि तिच्या नावाला शेवटी एएचके (.ahk) हा विस्तार द्यावा.

::@@::आपले पत्र मिळाले. पुढील कार्यवाही सुरू आहे.

फाइलवर डबल-क्लिक केल्यावर घड्याळाशेजारी हिरवे चिन्ह दिसते. त्यानंतर कोठेही @@ लिहून स्पेस दिली की संपूर्ण वाक्य उमटते. मात्र त्या क्षणी कळफलक इंग्रजीवर हवा, कारण इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात त्याच कळांतून @ निघत नाही. फाइलमध्ये बदल केल्यास त्या चिन्हावर उजवे क्लिक करून स्क्रिप्ट पुन्हा लोड करावी लागते.

कळांच्या जोड्यांसाठी ठरावीक खुणा आहेत: ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे ऑल्ट, + म्हणजे शिफ्ट आणि # म्हणजे विंडोज कळ. खुणेपुढे कळ, तिच्यापुढे दोन कोलन आणि त्याखाली महिरपी कंसात आज्ञा, अशी ही रचना असते. आज्ञा रोमन अक्षरांत लिहायच्या असतात. ‘सेंड’ कळा पाठवते, ‘क्लिक’ माउसचे काम करते, ‘स्लीप’ थांबवते (१००० म्हणजे एक सेकंद) आणि ‘लूप’ तेच काम सांगितले तितक्या वेळा करते.

खरी कसोटी एक्सेलमधील आकडा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील अर्जात नेताना लागते. प्रत्येक फेरीत आधी क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो ती जागा) रिकामा करावा, मग कंट्रोल-सी पाठवावे आणि ‘क्लिपवेट’ने मजकूर येईपर्यंत थांबावे, आधी रिकामा केला नाही, तर क्लिपवेटला मागच्याच सदनिकेची रक्कम सापडते आणि तो निमूटपणे पुढे जातो. शिवाय एक्सेलमधून उचललेल्या सेलच्या शेवटी नव्या ओळीचे अदृश्य चिन्ह येते, ते ‘ट्रिम’ने छाटावे लागते. मग ‘विनॲक्टिव्हेट’ने अर्जाची विंडो पुढे आणावी आणि ‘विनवेटॲक्टिव्ह’ने ती खरोखर पुढे आल्याची खात्री झाल्यावरच रक्कम चिकटवून टॅब पाठवावा. ही खात्री करण्याचा आळस मी एकदा केला होता. तेव्हा अकरा सदनिकांच्या रकमा, प्रत्येकीनंतर एंटर दाबला जात, संस्थेच्या गप्पांच्या गटात जाऊन पडल्या.

माउसवर शक्यतो विसंबू नये. क्लिकचे स्थान निर्देशांकांनी (पडद्यावरील आडव्या-उभ्या अंतराच्या आकड्यांनी) सांगावे लागते, ते सोबतच्या ‘विंडो स्पाय’ साधनात पाहता येतात. पण पडद्याचे स्केलिंग (अक्षरे-चिन्हे मोठी दाखवण्याचे प्रमाण) १०० वरून १२५ टक्क्यांवर गेले किंवा विंडोचा आकार बदलला, की तेच निर्देशांक भलत्याच बटणावर पडू शकतात. टॅबने किंवा ऑल्टच्या जोडीने पोहोचता येत असेल, तर तोच मार्ग घ्यावा.

फाइलमध्ये एस्केप कळेला ‘एक्झिटॲप’ ही आज्ञा पहिल्या दिवसापासून जोडलेली असावी, म्हणजे स्क्रिप्ट भरकटताच एका कळेने थांबवता येते. पासवर्ड मात्र स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये, कारण ती फाइल उघडणाऱ्या कोणालाही तो जसाच्या तसा वाचता येतो. एखादे सॉफ्टवेअर प्रशासक (ॲडमिनिस्ट्रेटर) म्हणून चालू असेल आणि स्क्रिप्ट तशी नसेल, तर पाठवलेल्या कळा तेथे पोहोचतच नाहीत. चूक शोधण्यात तासभर घालवण्यापूर्वी हे तपासावे. आणि पहिली चाचणी ४८ नव्हे, दोनच सदनिकांवर घ्यावी.