कॅल्क्युलेटेड कॉलमवर गणित करताय? या चुका टाळा

एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) क्वेरी लिहून 'कॉलम सापडत नाही' हा एरर घेऊन कुणी आलं की हल्ली मी क्वेरी बघायच्या आधीच विचारतो, "वर दिलेला एलियस खाली परत वापरलास ना?" (एलियस म्हणजे मोजलेल्या कॉलमला 'ॲज' लिहून दिलेलं नाव.) उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. वरून, "पण नाव तर वरच्याच ओळीत दिलंय!" हेही ऐकून घ्यावं लागतं. दिलंय खरं, पण डेटाबेसने अजून ते वाचलेलं नाही.

नमुना नेहमीचाच. (वाचायला सोपं जावं म्हणून इथल्या क्वेरी देवनागरीत लिहिल्या आहेत.)

सिलेक्ट दर * नग ॲज एकूण, एकूण * ०.१ ॲज कर फ्रॉम विक्री

आपण क्वेरी सिलेक्टपासून लिहितो, पण तिचा अर्थ लावला जातो तो आधी फ्रॉम (कुठलं टेबल), मग व्हेअर (ओळींची गाळणी), ग्रुप बाय (गट), हॅविंग (गटांची गाळणी), त्यानंतर सिलेक्ट (कॉलम) आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर बाय (ओळींचा क्रम), या क्रमाने. शिवाय सिलेक्टच्या यादीतले सगळे कॉलम एकाच पायरीवर मोजले जातात, एकामागून एक नाही. म्हणून 'एकूण' हे नाव शेजारच्या कॉलमला दिसत नाही, व्हेअरला तर नाहीच नाही. ऑर्डर बायला दिसतं, कारण तो सिलेक्टनंतर येतो. त्यातही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'ऑर्डर बाय एकूण' चालतं, पण 'ऑर्डर बाय एकूण * २' म्हटलं की पुन्हा तोच एरर.

गोंधळ वाढवायला प्रत्येक डेटाबेसच्या आपापल्या सवलती आहेतच. मायएसक्यूएल ग्रुप बाय आणि हॅविंगमध्ये एलियस चालवून घेतो. एसक्यूएलाइट व्हेअरमध्येही घेतो. स्नोफ्लेक आणि रेडशिफ्टमध्ये तर वरची क्वेरी जशीच्या तशी चालते. तिथे हात बसलेला माणूस एसक्यूएल सर्व्हरवर आला की दोन दिवस डेटाबेसलाच नावं ठेवत बसतो.

घाईत असलेले यावर दोन पळवाटा काढतात. पहिली म्हणजे 'दर * नग' हे गणित जिथे लागेल तिथे पुन्हा लिहायचं. एकदा लिहिलंत तर माझी हरकत नाही. पण चार ठिकाणी लिहिलंत आणि सहा महिन्यांनी नियम बदलला, तर तीनच ठिकाणी दुरुस्ती होईल. दुसरी पळवाट जास्त वाईट. एरर जावा म्हणून एलियसला अवतरणचिन्हांत घालायचं. मायएसक्यूएलमध्ये 'व्हेअर "एकूण" > ५००' या धर्तीचं काही लिहिलं की एरर खरंच जातो, कारण आता तो कॉलम नसून अक्षरांची माळ आहे. तिची आकड्यातली किंमत शून्य धरली जाते आणि एकही ओळ येत नाही. मग मंडळी डेटा गायब झाला म्हणून ओरडत येतात.

माझी सवय सांगतो. एका गणितावर दुसरं गणित बसणार असेल तर मी सरळ विथ (एका क्वेरीच्या उत्तराला नाव देऊन ते पुढे टेबलासारखं वापरायची सोय) वापरतो आणि थर पाडतो. पहिल्या थरात कच्चे कॉलम आणि 'एकूण', दुसऱ्यात 'कर', तिसऱ्यात गाळणी आणि क्रम. क्वेरी लांबते, लांबू द्या. अडलं की प्रत्येक थर सुटा चालवून बघता येतो, हे सुख वेगळंच आहे. मायएसक्यूएलमध्ये विथ २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून आहे. त्याआधीचा असेल तर फ्रॉममध्ये सबक्वेरी (कंसातली आतली क्वेरी) लिहा. 'विथने क्वेरी मंदावते' या तक्रारीत पोस्टग्रेसपुरतं एकेकाळी तथ्य होतं, पण २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून एकदाच वापरलेला साधा विथ मुख्य क्वेरीत विरघळवला जातो. जुनं ऐकीव ज्ञान उगाळणं आता पुरे.

आतापर्यंतच्या चुकांपैकी बहुतेक निदान बोंब तरी मारतात. मला भीती वाटते ती गप्प बसणाऱ्या चुकीची: मोजलेल्या कॉलमला मूळ कॉलमचंच नाव देण्याची. एका ठिकाणी बिलांचा रिपोर्ट एका नव्या मुलाने लिहिला होता, पोस्टग्रेसवर:

सिलेक्ट रक्कम - सवलत ॲज रक्कम, रक्कम * ०.१० ॲज कर फ्रॉम बिले व्हेअर रक्कम >= १००० ऑर्डर बाय रक्कम

एरर नाही, वॉर्निंग नाही. रिपोर्ट छान दिसत होता आणि वापरातही आला. पुढे हिशेब बघणाऱ्यांनी कराची बेरीज हाताने केली आणि ती जुळेना. आधी संशय जॉइनवर (टेबलं जोडण्यावर) गेला, मग राउंडिंगवर, मग डेटा भरणाऱ्यांवर. क्वेरी अनेकांनी वाचली आणि प्रत्येकाने ती 'रक्कम वजा सवलत, त्यावर दहा टक्के' अशीच वाचली, कारण माणूस वरून खाली वाचतो. शेवटी ज्या बिलांवर सवलत शून्य आहे तेवढीच गाळून बघितली, तर ती पैशापैशाने जुळली. उरलेल्यांत फरक बरोबर सवलतीच्या दहा टक्क्यांएवढा. १२०० च्या बिलावर २०० सवलत, म्हणजे कर १०० हवा; रिपोर्टमध्ये १२०.

दुसऱ्या 'रक्कम'चा अर्थ टेबलातली मूळ रक्कम हाच होता. व्हेअरमधलीही मूळच, त्यामुळे सवलतीनंतर ९०० वर आलेली बिलंही यादीत घुसली होती. ऑर्डर बाय मात्र नव्या रकमेवर चालला होता. एकाच क्वेरीत एकाच नावाचे दोन अर्थ. आणि एलियस पुन्हा वापरू देणाऱ्या रेडशिफ्टवरही सुटका नाही; नाव सारखं असेल तर तिथेही मूळ कॉलमच जिंकतो. मोजलेल्या कॉलमला वेगळं नाव द्या. 'निव्वळ_रक्कम' लिहायला किती वेळ लागतो? क्वेरी तपासायला आली की मी आधी हेच बघतो, आणि नाव सारखं दिसलं की पुढे न वाचता परत पाठवतो.

दुसरी आवडती चूक म्हणजे पूर्णांकांचा भागाकार. एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस आणि एसक्यूएलाइट या तिघांत ३ / ४ चं उत्तर शून्य येतं, कारण दोन्ही पूर्णांक असले की उत्तरही पूर्णांकच. मायएसक्यूएल आणि ओरॅकल ०.७५ देतात. म्हणून 'पूर्ण / एकूण * १००' हे सूत्र एका डेटाबेसवर नीट चालतं आणि दुसरीकडे नेलं की टक्केवारीच्या कॉलमात फक्त ० आणि १०० दिसायला लागतात. 'सगळं तरी झालंय, नाहीतर काहीच झालेलं नाही' असा तो डॅशबोर्ड बघून कुणाला शंकाही येत नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मागाहून कास्ट लावून (आकड्याचा प्रकार बदलून) उपयोग नाही; शून्य होऊन गेल्यावर त्याला दशांश चिकटवून काय मिळणार? भागाकाराच्या आधी एका बाजूला दशांश हवा. मी '१००.० * पूर्ण / एकूण' असं, गुणाकार आधी ठेवून लिहितो. कास्ट जास्त शिस्तीचं आहे म्हणणारे बरोबर आहेत, पण माझा हात इथेच बसलाय.

भाजक शून्य असू शकेल तर त्याला नलइफमध्ये (शून्य आलं की त्याजागी नल, म्हणजे 'किंमतच नाही', ठेवणारं फंक्शन) गुंडाळा: 'क / नलइफ(ख, ०)'. व्हेअरमध्ये 'ख <> ० अँड क / ख > २' लिहून निश्चिंत होऊ नका. अँडची डावी बाजू आधीच तपासली जाईल याची हमी एसक्यूएल देत नाही.

नल. वजाबाकीत एक बाजू नल असली की उत्तर नल, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दोन ओळी घ्या: रक्कम ५००, सवलत ५०, आणि रक्कम ३००, सवलत नल. सम(रक्कम - सवलत), म्हणजे बेरीज, देईल ४५०, कारण दुसरी ओळ अख्खी गळाली. सम(रक्कम) - सम(सवलत) देईल ७५०. दोन रिपोर्टमध्ये ही दोन रूपं असली की भांडण ठरलेलं. कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत ठेवणारं फंक्शन) लावा, पण आतल्या थरात आणि विचार करून. 'सवलत दिली नाही' आणि 'सवलत माहीत नाही' यांत फरक आहे, आणि नलच्या जागी शून्य आलं की सरासरी बदलते, कारण एव्हीजी नल मोजतच नाही.

राउंड फक्त सगळ्यात बाहेरच्या थरात. १०० चे तीन भाग आधी राउंड करून मग बेरीज केली तर ९९.९९ येतात.

टक्केवारीच्या कॉलमची सरासरी काढू नका. २ पैकी १ म्हणजे ५० टक्के, १०० पैकी १० म्हणजे १० टक्के. सरासरी ३० दिसेल, खरं उत्तर १०२ पैकी ११, म्हणजे ११ टक्क्यांच्याही आत. बेरजांचा भागाकार करा.

पैशाला फ्लोट (अंदाजे दशांश) नको, डेसिमल (नेमके दशांश) घ्या. यावर चर्चा नको.

मायएसक्यूएलमध्ये तारखेतून तारीख थेट वजा करू नका. १ मार्च २०२४ मधून २८ फेब्रुवारी २०२४ वजा केली तर उत्तर ७३ येतं, कारण २०२४०३०१ मधून २०२४०२२८ वजा होतात. डेटडिफ वापरा, २ येतील. पोस्टग्रेसमध्ये मात्र तीच वजाबाकी दिवसच देते.

हे सगळं टाळायला काही जण गणित थेट टेबलातच जनरेटेड कॉलम (डेटाबेस स्वतः मोजतो तो) म्हणून ठेवतात. कल्पना चांगली आहे, पण एका जनरेटेड कॉलमवर दुसरा उभा करायला गेलात की पोस्टग्रेस नाही म्हणतो आणि एसक्यूएल सर्व्हरही. मायएसक्यूएल परवानगी देतो, ज्याच्यावर उभं राहायचं तो कॉलम आधी लिहिलेला असेल तर. मी टेबलात गणिताची एकच पायरी ठेवतो आणि पुढच्या सगळ्या व्ह्यूमध्ये (नाव देऊन जपून ठेवलेल्या क्वेरीत) घालतो. व्ह्यू बदलायला टेबलाला हात लावावा लागत नाही.