सुरक्षा आराखडा लिहिताना या चुका टाळा

आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसाजवळ बसून सुरक्षा आराखडा, म्हणजे तसा विचार आला की काय करायचे याचा त्याचा स्वतःचा कागद, लिहिण्याचे काम मी बेळगाव-खानापूर भागात बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि त्याच त्या चुका पाहून आता वैतागलो आहे.

सर्वांत घातक चूक शपथेची. ‘आईची शपथ घे, पुन्हा असे मनात आणणार नाहीस’ असे वदवून घेतले की घरच्यांना हायसे वाटते. मात्र पुढच्या वेळी विचार आला की शपथ मोडल्याच्या अपराधापोटी तो माणूस तोंडच उघडत नाही. आराखडा त्या घटकेला काय करायचे ते सांगतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या आराखड्याच्या सहा पायऱ्या आहेत: धोक्याच्या खुणा, एकट्याने करता येण्याजोग्या गोष्टी, मन रमेल अशी माणसे व जागा, मदत मागता येईल अशी माणसे, डॉक्टर व हेल्पलाइन, आणि घर निर्धोक करणे.

दुसरी चूक माझीच आहे. खानापूर तालुक्यातील एका तरुणाचा आराखडा मी माझ्या शुद्ध भाषेत, अर्ध्या तासात लिहून दिला. खुणेच्या जागी ‘मानसिक तणाव जाणवणे’ आणि मदतीला मामा व एक मित्र, दोघांनाही न विचारता. पंधरवड्याने रात्री त्याने फोन लावले, तेव्हा मित्र गोव्यात रात्रपाळीवर होता आणि मामांनी ‘झोप आता, सकाळी बोलू’ म्हणून फोन ठेवला. आई जागी होती, म्हणून निभावले. पुन्हा बसलो तेव्हा त्याने स्वतः लिहिले, ‘ताट तसेच टाकून गोठ्यात जाऊन बसतो.’ ही खूण आईला दिसते. ‘तणाव’ कोणाला दिसणार? तेव्हापासून यादीतल्या प्रत्येकाला माझ्यासमोर, त्याच्याच मोबाईलवरून फोन लावल्याशिवाय मी उठत नाही.

मोबाईलवरून नमुना उतरवून दहा मिनिटांत रकाने भरणाऱ्या नवख्या कार्यकर्त्यांनी हे वाचावे.

शेवटची पायरी संकोचापायी गाळली जाते. उसाच्या घरात फवारणीचे औषध असतेच; ते माळ्यावर लपवून उपयोग नाही, कारण घरच्या माणसाला सगळे कोनाडे ठाऊक असतात. ते भावकीतल्या दुसऱ्या घरी, कुलपात जावे आणि किल्लीही तिकडेच राहावी. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर विनामूल्य, चोवीस तास चालते. कचेरीत कन्नडवर काम भागवणारा माणूसही अशा रात्री मराठीतच बोलू पाहतो, म्हणून भाषेचा पर्याय दिवसाउजेडी एकदा फोन लावून पाहून ठेवावा. धोका समोरच उभा असेल तर लिहीत बसू नये. माणसाला एकटे न सोडता 112 ला फोन करावा किंवा थेट दवाखाना गाठावा.

आणि तो कागद कपाटात जपून ठेवू नये. घडी घालून मोबाईलच्या कव्हरमागे ठेवावा.