एका प्रतीमागे सत्तर रुपये: स्वतः छापलेल्या कादंबरीची जाहिरात करताना

कादंबरी स्वतःच्या पैशाने छापलीत आणि आता तिच्या जाहिरातीसाठी आणखी पैसे काढायचं मनात असेल, तर आधी लाल कापडी बांधणीची एक चोपडी विकत आणा. मी मांडवीहून आणली. आमच्या बडोद्यातले व्यापारी दिवाळीत जिची पूजा करतात, तीच. बँकेत बत्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले, पण स्वतःच्या कादंबरीचा हिशेब पहिले चार महिने ठेवला नाही. तेवढ्यात अठरा हजार गेले आणि ५१ प्रती खपल्या. कादंबरीचं नाव इथे देत नाही. दिलं तर आमचे हे म्हणतील, ही पण जाहिरातच.

चोपडीच्या पहिल्या पानावर एकच आकडा लिहायचा: एक प्रत विकली की हातात उरतं किती? माझ्या ३०० प्रती, २४० पानं, किंमत ३०० रुपये, छपाई प्रतीला ११०. ऑनलाइन विक्रेता ४० टक्के कमिशन कापतो, म्हणजे १८० आले, छपाई गेली, उरले ७०. घरून पाठवायची म्हटली तर लोकांना २० टक्के सवलत लागतेच. आले २४०, टपाल आणि पाकीट मिळून ६० गेले, छपाईचे ११० गेले, उरले पुन्हा ७०. मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन मी यात धरलेलंच नाही, धरलं तर रडू येईल.

तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो काढल्याशिवाय एक रुपयाही सोडू नका. पुढचं गणित चौथीतलं आहे. जाहिरातीचा खर्च भागिले तिच्यामुळे गेलेल्या प्रती. उत्तर ७० च्या आत आलं तर ठीक, वर गेलं तर फरक आपल्या घरातून.

‘तिच्यामुळे गेलेल्या’ हे ओळखायचं कसं? मी प्रत्येक जाहिरातीला एक शब्द दिला. दिवाळी अंकात ‘पणती’, फेसबुकवर ‘सुरसागर’, पुढे सांगणार आहे त्या पेटीतल्या प्रतींमध्ये ‘चिवडा’. ऑर्डर देताना शब्द सांगा, पुस्तकासोबत हाताने रंगवलेली खूणपट्टी मिळेल. पट्टीला खर्च दोन रुपये, आणि लोक शब्द आठवणीने सांगतात. फक्त घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं. बेळगावच्या एका बाईंचा मेसेज आला, ‘चिवडा पाहिजे, दोन.’ फोन ह्यांच्या हातात होता. ह्यांनी उत्तर पाठवलं, ‘आम्ही चिवडा विकत नाही.’ ती ऑर्डर मी फोन करून, माफी मागून परत मिळवली.

अठरा हजारांपैकी अकरा हजार प्रकाशन समारंभात गेले. हॉल, माइक, पाहुण्यांचा प्रवास, बटाटेवडे. ४८ प्रती गेल्या, म्हणजे प्रतीमागे २२९ रुपये, आणि घेणारे बहुतेक सोयरेधायरे. त्यांनी समारंभ नसता तरी घेतली असती. हौस म्हणून करा, मीही पुन्हा करीन, पण चोपडीत तो खर्च लग्नकार्याच्या खात्यात टाका.

साडेचार हजार एका पुरस्काराने नेले. फोनवर गोड आवाज. तुमच्या कादंबरीची निवड झाली आहे, फक्त नोंदणी शुल्क भरा. भरलं. महिनाभराने कुरिअरने अॅक्रिलिकची ट्रॉफी आली, तिच्यावर माझ्या आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झालेला. कादंबरी कुणी उघडलीही नव्हती, कारण त्यांनी प्रत मागितलीच नव्हती. मला शंका यायला हवी होती ती तिथेच.

त्यानंतर एकाने पंचवीस हजारांचं ‘पॅकेज’ दाखवलं, तोवर मी शहाणी झाले होते. त्या पॅकेजात काय होतं ते नीट वाचा, कारण तुम्हालाही असाच फोन येणार. एक, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक. तो आपल्याकडे केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था लेखकालाही विनाशुल्क देते, ऑनलाइन अर्ज करायचा. दोन, पन्नास वेबसाइटवर बातमी. त्या वेबसाइट मराठी कादंबरी वाचणारं कोण उघडतं, हे त्याला विचारलं तर तो पुढच्या मुद्द्यावर गेला. तीन, ‘बेस्टसेलर’चा शिक्का. ॲमेझॉनवरची क्रमवारी सारखी बदलत असते आणि बारीकशा उपविभागात मोजक्या प्रती एकदम गेल्या तरी पुस्तक तासा-दोन तासांसाठी वर चढतं. त्याच घडीला स्क्रीनशॉट काढायचा, झालं! चार, वीस ‘रिव्ह्यू’. हे तर सरळ नियमाबाहेरचं. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय ॲमेझॉनला चालत नाहीत. प्रत भेट द्या, पण ‘चांगलं लिहा’ ही अट घालू नका.

इन्स्टाग्रामवर पुस्तकांचे व्हिडिओ करणारी मुलं-मुली पैसे घेतात, त्यात गैर काही नाही. पण पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत, ग्राहक मंत्रालयाची मार्गदर्शिका जानेवारी २०२३ ची. जो म्हणेल ‘लिहिलं तर लोक बघत नाहीत’, त्याला नमस्कार करा. आणि त्याच्या खात्यावर किती लोक आहेत ते बघण्यापेक्षा खालच्या कॉमेंट मराठीत आहेत का ते बघा.

आता फेसबुक. इथे मी आधी हात पोळून घेतले आणि मग शिकले, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्यांदा मुखपृष्ठाचा फोटो टाकला आणि पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं खालचं ‘बूस्ट’ बटण दाबलं. दोन हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २,३६०. (छापील पुस्तकावर जीएसटी नाही, म्हणून जाहिरातीवर भरलेला वळताही करून घेता येत नाही. बँकेतली सवय, सांगितल्याशिवाय राहवत नाही.) गाव बडोदा, वय अठराच्या पुढे सगळे. चारशेवर लाइक आले, बहुतेक गुजराती मंडळींचे. प्रेमळ लोक, पण मराठी कादंबरी कशाला घेतील? विकल्या तीन प्रती, म्हणजे प्रतीमागे ७८७ रुपये, आणि त्यातली एक चुलत जावेने घेतली. चूक माझीच. लाइक-कॉमेंट मिळवायला सांगितलं की जाहिरात लाइक करणाऱ्यांकडे जाते, विकत घेणाऱ्यांकडे नाही.

दुसऱ्यांदा पुण्याच्या भाच्याने ‘ॲड्स मॅनेजर’ हे फेसबुकचं जाहिराती लावायचं पान उघडून दिलं. तिथे उद्देश निवडता येतो. आम्ही व्हॉट्सॲपवर मेसेज येणं हा उद्देश घेतला. बटण दाबलं की वाचक थेट माझ्याशी बोलतो. शहरं बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, पुणे. भाषेच्या रकान्यात मी हौसेने ‘मराठी’ निवडणार होते, भाच्याने हात धरला. तो रकाना माणसाची मातृभाषा बघत नाही, त्याने फेसबुक कुठल्या भाषेत ठेवलंय ते बघतो, आणि आपल्यातले कितीतरी जण ते इंग्रजीत ठेवतात. भाषा मोकळी सोडा, मजकूर अस्सल मराठीत लिहा. ज्याला वाचता येत नाही तो पुढे सरकतो, चाळणी आपोआप लागते. आवडीच्या रकान्यात मराठी नाटक, मराठी साहित्य असं घातलं. रोज २०० रुपये, दहा दिवस, शेवटची तारीख घालूनच. तारीख न घालता सोडली तर जाहिरात चालत राहते आणि कार्डावरून पैसे जात राहतात. चोपडीत नोंद: खर्च २,३६०, प्रती २६, प्रतीमागे ९१. अजून तोटाच, पण ७८७ वरून ९१ वर आलो होतो.

तिसऱ्या वेळी मला २०१८ आठवलं. त्या फेब्रुवारीत आमच्या बडोद्याला ९१वं साहित्य संमेलन भरलं होतं, आणि मी मैत्रिणीच्या पुस्तकांच्या टेबलावर दोन दिवस बसले होते. लोक मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलत, पण घ्यायचं की ठेवायचं ते ठरे पहिलं पान वाचल्यावर. उभ्या-उभ्या दहा ओळी वाचत, आणि मग पाकिटाकडे हात जाई किंवा पुस्तक खाली. म्हणून या वेळी मुखपृष्ठ काढलं आणि पहिल्या पानाचाच फोटो लावला, खिडकीच्या उजेडात, कडेला माझा अंगठा दिसतोय असा. बाकी सगळं तेच. ३४ प्रती. प्रतीमागे ६९ रुपये ४१ पैसे. मी ह्यांना हाक मारून चोपडी दाखवली.

जाहिरात चालू असताना तिला रोज हात लावू नका. मोठा बदल केला की कोणाला दाखवायची हे तिचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चार दिवस कळ काढा. आणि मेसेजला तासाभरात उत्तर द्या. डाकोरला गेले त्या दिवशी आलेल्या सात जणांना रात्री उत्तर दिलं, घेतलं एकाने.

दिवाळी अंकातली अर्धं पान जाहिरात तीन हजारांना पडली, ९ प्रती, हिशेबात नापास. पण त्यातल्या चार वाचनालयांनी घेतल्या, आणि ‘पणती’ म्हणणारा शेवटचा फोन एप्रिलात आला. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली सुरू केलेली ही परंपरा अजून कुणाच्या तरी उशाशी असते. करायची तर श्रावणातच बोलून ठेवा, गणपतीपर्यंत पानं भरत आलेली असतात.

किंडलसाठी मी पैसे खर्च केले नाहीत, वेळ केला. मराठी ई-पुस्तक तिथे ठेवता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं तर ‘केडीपी सिलेक्ट’ या ॲमेझॉनच्या योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५. गेलात की ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे ठेवता येत नाही, छापील खुशाल विका. त्या ९० दिवसांत पाच दिवस फुकट वाटता येतं. ‘काउंटडाउन डील’ म्हणजे थोड्या दिवसांची सवलत, ते ऐकून भुलू नका, ते अमेरिका आणि ब्रिटनच्या दुकानांपुरतंच आहे.

सगळ्यात स्वस्त पडली ती पेटी. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून ग्रंथालयांचं काम त्यांच्या हाती दिलं, आणि राज्यातल्या खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. मी बुटांचे पाच खोके घेतले. प्रत्येकात दोन प्रती, एक पत्र आणि शेवटच्या पानाला चिकटवलेली चिठ्ठी: ‘वाचून पुढच्या घरी द्या. स्वतःची हवी असेल तर ‘चिवडा’ म्हणा.’ इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, मडगाव, नागपूर, जिथे बायकांची भिशी किंवा वाचनगट आहे आणि एक तरी ओळखीची आहे तिथे. दहा प्रतींची छपाई ११००, टपाल ४००. आतापर्यंत २७ ऑर्डरी, म्हणजे प्रतीमागे ५६ रुपयांच्या आत, आणि ग्वाल्हेरचा खोका अजून फिरतोय. परवा तिथून फोटो आला. पुस्तकाचा कोपरा दुमडलेला, पानावर हळदीचं बोट, आणि चिठ्ठीखाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, ‘अकरावं घर’.