गेमचा बॅकलॉग कसा उपसायचा

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानाचा सेल लागला की दोन-चारशे रुपयांत भारी भारी गेम मिळतात, एपिक या दुसऱ्या दुकानवाले २०१८ च्या डिसेंबरपासून फुकट गेम वाटतायत, त्यात मे २०२० मध्ये तर जीटीए ५ सुद्धा दिला होता, आणि अशी लायब्ररी भरत जाते पण खेळायला बसलं की आपण अर्धा तास नुसतं स्क्रोल करत राहतो. मी बरेच महिने माझा बॅकलॉग, म्हणजे घेऊन ठेवलेले पण न खेळलेले गेम, नीट लाईनीत खेळतोय आणि खरंच सांगतो, खूप मजा येतेय. कसं करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी यादी. वहीत लिहायची गरज नाही, स्टीममध्येच डायनॅमिक कलेक्शन (आपोआप भरणारी यादी) बनवा आणि त्यात न खेळलेल्या गेम्सचा फिल्टर लावा, म्हणजे हात न लावलेले सगळे गेम आपोआप एका जागी येतात. एपिक, गॉग वगैरे बाकीच्या दुकानांवरचे गेम मात्र हातानेच लिहावे लागतील.

मग छाटणी. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारायचा, हा आज माझ्याकडे नसता तर मी पैसे देऊन घेतला असता का? नाही असं उत्तर आलं तर सरळ हाईड करा. डिलीट होत नाही, पाहिजे तेव्हा परत काढता येतो, त्यामुळे जीवावर येऊ देऊ नका.

आता उरलेल्यांचे तास बघा. हाऊ लाँग टू बीट नावाच्या साईटवर कुठल्याही गेमचं नाव टाकलं की नुसत्या मेन स्टोरीला किती वेळ, साईड मिशनं धरून किती आणि शंभर टक्के करायला किती, असे वेगवेगळे आकडे मिळतात. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' साधारण २ तासांत होतो, 'पोर्टल' ३ तासांत, 'फायरवॉच' ४ तासांच्या आसपास, आणि 'विचर ३' ची नुसती मेन स्टोरी ५० तास खाते. म्हणजे ऑफिस करून रोज तासभर मिळणाऱ्या माणसाला विचर म्हणजे जवळजवळ दोन महिने! म्हणून माझा नियम असा की एक मोठा गेम झाला की मध्ये दोन छोटे, आणि मोठा सुरू करायचाच तर दिवाळीच्या सुट्टीत, कारण सुरुवातीचे पाच-सहा तास सलग मिळाले तर गेम मनात बसतो, तुकड्या-तुकड्यात बसत नाही.

एका वेळी एकच स्टोरीवाला गेम इन्स्टॉल ठेवा. सोबत एखादा स्टोरी नसलेला, एकेक मॅच खेळून सोडायचा गेम असला तर चालेल, मित्रांबरोबर खेळायला लागतोच. आणि रेड डेड २ सारखा गेम शंभर जीबीच्या वर जागा घेतो, तेव्हा असं केलं की कॉम्प्युटरची एसएसडी डिस्कही मोकळी राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही. गेम अर्धवट सुटतात ते कंटाळ्यामुळे कमी आणि गॅप पडल्यामुळे जास्त. घरात लग्न निघतं, गावी जाणं होतं, पंधरा दिवसांनी परत उघडलं की कुठे चाललो होतो, कुठलं बटण कशाला, काहीच आठवत नाही आणि माणूस गेम बंद करतो तो कायमचा. त्यासाठी बंद करण्याआधी फोनमध्ये तीन ओळी लिहून ठेवायच्या: मी आत्ता कुठे आहे, पुढे काय करायचं ठरवलंय, आणि कुठली बटणं विसरण्यासारखी आहेत. 'हॉलो नाईट' मध्ये तर हे पाहिजेच, एवढा मोठा मॅप आणि तुम्हाला कुठे जा म्हणून सांगणारं कोणी नाही. मी "खालच्या बाजूला बंद दार, डबल जंप मिळाल्यावर परत येणे" असलं काहीतरी लिहून ठेवतो आणि महिन्याभरानंतरसुद्धा दहा मिनिटांत परत गेममध्ये असतो.

अडकलात तर डिफिकल्टी कमी करा, बिनधास्त. 'सेलेस्ट' मध्ये गेम सोपा करणारा असिस्ट मोड आहे, 'हेडीस' मध्ये गॉड मोड लावला की सुरुवातीलाच २० टक्के कमी डॅमेज लागतं आणि प्रत्येक मरणामागे ही सूट २-२ टक्क्यांनी वाढत ८० टक्क्यांपर्यंत जाते. बनवणाऱ्यांनीच दिलंय ते, वापरायलाच दिलंय. आणि तीन-चार तास मनापासून खेळूनही नाहीच आवडला तर सोडून द्या, "सोडलेले" असं वेगळं कलेक्शन करून त्यात टाका, तो गेमही यादीतून गेलाच की.

राहिला सेल. नवीन काही आवडलं तर आधी विशलिस्टमध्ये टाका, किंमत उतरली की स्टीम स्वतः मेल पाठवतं आणि तेच गेम पुढच्या सेललाही बहुतेक परत स्वस्त होतात. घेतलाच तर त्याच आठवड्यात सुरू करा, कारण घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो, तसाच पडून राहिला तर ते पैसे अडकले.