मळभ आलंय, हापूसच्या कलमाखाली जाऊन वर बघा

माघ लागला तरी थंडी आज पडते, उद्या पळते. रात्री दोन गोधड्या, दुपारी घामाच्या धारा, मध्येच दोन दिवस मळभ. अशा हवेत हापूसला मोहोर येतो, पण तुडतुड्यांनाही, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांनाही, हीच हवा मानवते. शिमग्यापर्यंत हवा सुधारेल म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. मोहोर तेवढे दिवस थांबत नाही.

रत्नागिरी-देवगडच्या बागांत दरवर्षी हेच बघतो. फवारणी होते, पैसे जातात आणि तरी मोहोर काळा पडतो. गडी खाली उभे राहून गनचा फवारा फक्त बाहेरच्या पालवीवर मारतात. तुडतुडे बसलेले असतात आत, खोडाच्या भेगांत, फांद्यांच्या बेचक्यांत, दाट सावलीत. बाहेरचे मरतात, आतले चार दिवसांत मोहोरावर येतात. रस शोषतात, चिकटा सोडतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि कणीचा, म्हणजे नुकत्या धरलेल्या बारीक फळांचा, कलमाखाली सडा पडतो.

सकाळी कलमाच्या आत शिरा. फांदी हलवा. बारीक पाऊस पडल्यासारखा टपटप आवाज आला तर तुडतुडे आहेत. दुपारी खालची पानं चकाकत असतील तर उशीर व्हायला लागलाय. माझा आणखी एक अंदाज, खोडावरून मुंग्यांची रांग अचानक वाढली की मी वर बघतोच.

मोहोर अजून फुललेला नसेल तर 10 लिटर पाण्यात कीटकनाशक इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के 3 मिली, किंवा पुढच्या खेपेला थायामेथोक्झाम 25 टक्के 1 ग्रॅम. भुरी, म्हणजे मोहोरावर पांढरी बुरशी, दिसली तर सोबत पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के 20 ग्रॅम. पण आधी खोड भिजवा, मग आतल्या फांद्या, शेवटी मोहोर. खोड कोरडं राहिलं तर ती फवारणी झाली असं मी धरत नाही.

मोहोर पूर्ण फुललेला असेल तर कीटकनाशक टाळा, माश्या-मधमाश्यांशिवाय फळ धरत नाही. अगदीच नाइलाज असेल तर दुपारनंतर.

दुकानदार म्हणेल, औषधाची ताकद कमी पडली, हे नवीन घ्या, सोबत टॉनिक घ्या. घेऊ नका. चार औषधं एकत्र कालवून मारलेला पंप मी कितीदा वाया गेलेला पाहिलाय. औषध नाही, जागा चुकलेली असते.

बाकीची कामं:
- सुकी, रोगट काटकी काढून जाळणे
- बांडगूळ तोडणे
- आळ्यात गवताचं आच्छादन
- फळ अंड्याएवढं झालं की कागदी पिशव्या

थंडी लांबली आणि कणी धरलेल्या कलमाला पुन्हा मोहोर फुटायला लागला, तर तो मोहोर रोखायला जिबरेलिक आम्ल हे संजीवक 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटरला 1 ग्रॅम. ते पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या.

मळभ आहे तोवर एक दिवसाआड फेरी मारा, आणि दर फेरीला निदान पाच कलमांच्या आत शिरून बघा.