वटवाघळाला ट्रान्समीटर लावायला निघण्याआधी

परवानग्या आधी, कारण त्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागतो. वटवाघूळ पकडायचं तर वनविभागाचं पत्र हवं, संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी हवी, आणि ट्रान्समीटर परदेशातून मागवणार असाल तर डब्ल्यूपीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा परवानाही. सरपंच आणि पोलीस पाटलांना दिवसाउजेडी भेटून या. मध्यरात्री माळावर अँटेना फिरवणारी अनोळखी माणसं दिसली तर गाव जागं होणारच.

टॉर्च, जादा सेल, पाणी हे कुणी सांगायला नको.

रेबीजची प्रतिबंधक लस मात्र सांगावी लागते. महिनाभर आधी सुरू करा, म्हणजे डोस पूर्ण होतील. लस न घेतलेल्या माणसाने जाळ्यातलं वटवाघूळ सोडवायचं नाही, तो कितीही उत्साही असो. हातमोजे आणि मास्क प्रत्येकाला. २०२० साली महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. शिवाय आपल्या अंगावरचं काही त्यांच्यापर्यंत जाऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं.

आता टॅग, म्हणजे पाठीवर चिकटवायचा तो छोटा ट्रान्समीटर. आधी कोणत्या जातीला लावणार ते ठरवा आणि मग मागवा, उलटं नको. टॅगचं वजन प्राण्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा संकेत आहे. म्हणजे ४ ग्रॅमच्या पिपिस्ट्रेलला, म्हणजे इवल्याशा कीटकखाऊ वटवाघळाला, फक्त ०.२ ग्रॅम, त्यात गोंदही आला. ४० ग्रॅमच्या मेगाडर्मा या मोठ्या जातीला २ ग्रॅमपर्यंत चालेल. मोबाइल नेटवर्कवरून ठिकाण कळवणारे जीपीएस टॅग झाडांवर लटकणाऱ्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांनाच पेलतात. बाकीच्यांसाठी व्हीएचएफ, म्हणजे साधा रेडिओ सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर, आणि आपले पाय. वटवाघूळ ठेवायच्या कापडी पिशवीचं वजन आधी करून तिच्यावरच लिहून ठेवा. गाभण किंवा पिलू अंगावर असलेल्या मादीला टॅग लावायचा नाही. संशय आला तरी नाही.

आणि आता ते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. टॅग चिकटवल्यानंतर, वटवाघूळ सोडण्याआधी, रिसीव्हरवर टॅगचा आवाज पुन्हा ऐका आणि फ्रिक्वेन्सीच्या ज्या आकड्यावर तो सर्वांत स्पष्ट येतो तो वहीत लिहा. टॅगच्या डबीवर छापलेला आकडा नव्हे, ऐकलेला आकडा. काही टॅग चुंबक लावून बंद ठेवलेले असतात, काहींच्या दोन बारीक तारा डाग देऊन जोडाव्या लागतात. टॅग चालू झाला की नाही हे रिसीव्हरच सांगतो. पण चालू झाला एवढं पुरत नाही. तापमान बदललं की आतल्या स्फटिकाची फ्रिक्वेन्सी सरकते. टेबलावर १५०.१२० मेगाहर्ट्झवर ऐकू येणारा टॅग उबदार पाठीवर गेला की थोडा बाजूला जातो. दहा पावलांवर हा फरक जाणवत नाही. दरीच्या पलीकडून जाणवतो, आणि तेव्हा काहीच करता येत नाही. मागच्या हंगामात नेमकं हेच राहिलं: डबीवरचा आकडा लावून आम्ही रात्रभर रिकामी दरी ऐकत बसलो. एका जिवंत प्राण्याच्या पाठीवर विनाकारण ओझं चढवलं गेलं, याची बोच जात नाही. म्हणून यादीवर हे एका माणसाच्या नावाने लिहा. त्याचं त्या क्षणी दुसरं काही काम नसेल. आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा, मगच पिशवी उघडायची.

जाळी. दर दहा मिनिटांनी तपासा, एकटी सोडून जेवायला जाऊ नका. गुहेच्या तोंडाशी लावू नका. एकदम पन्नास अडकली तर सोडवेपर्यंत काही मरतील. एका पिशवीत एकच. खांद्यांच्या मधले केस कातरायला बोथट टोकाची कात्री, कातडीला चालणारा वैद्यकीय गोंद, आणि तो सुकेपर्यंत धीर. सुकत असतानाच रिसीव्हर चालू करा. हो, तेच पुन्हा सांगतोय: आवाज ऐका, आकडा लिहा.

ध्वनिमुद्रकही न्या, न पकडता बरंच कळतं. फक्त सॅम्पलिंग दर, म्हणजे मुद्रक सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो, ते बघा. हिपोसिडेरॉस फुल्वस या वटवाघळाचा आवाज १५० किलोहर्ट्झच्या आसपास असतो. मुद्रकाला दराच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणून दर २५६ किलोहर्ट्झवर ठेवलात तर ही जात तुमच्या नोंदीत नसेलच. ३८४ वर ठेवा. फाइलवरची वेळ आंतरराष्ट्रीय असेल तर साडेपाच तास मिळवा.

माग काढायला दोन गट, दोन रिसीव्हर, एकमेकांशी जुळवलेली घड्याळं. दोघांनी एकाच मिनिटाला सिग्नलची दिशा घ्यायची. होकायंत्र जीपजवळ धरायचं नाही. सह्याद्रीत कड्यावर आदळून सिग्नल भलत्याच दिशेने येतो, तेव्हा एकाच जागेवरून घेतलेल्या दिशेवर विश्वास ठेवू नका, वर चढून पुन्हा घ्या.

छोट्या टॅगची बॅटरी दोनेक आठवड्यांत संपते, त्यामुळे रजा त्याआधी नको. दिवसा वटवाघळाची विश्रांतीची जागा शोधा, आत शिरू नका. पडलेला टॅग सापडला तर उचला. नोंदी रोज उतरवा. आणि पुढच्या वटवाघळाला टॅग लावताना वहीत आकडा लिहिलेला नसेल, तर पिशवी उघडू नका.