हात लांब ठेवणारी अवजारे: साप हाताळण्यासाठी घरी काय बनवावे

मृगाचा पाऊस पडायच्या आधी मी मांगरातून, म्हणजे शेतातल्या झोपडीतून, चार वस्तू खाली काढतो: साप उचलायची आकडी, पाइप लावलेली पिशवी, झाकणाची बादली आणि लांब दांड्याचा झाडू. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरते आणि चिऱ्यांच्या गडग्यातले (दगडी कुंपणातले), चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) राशीखालचे जनावर, म्हणजे साप, कोरडी जागा शोधत थेट पडवीत येते. चारही वस्तू घरी केलेल्या आहेत. त्यांचे काम साप धरण्याचे नाही, माझा हात त्याच्यापासून लांब ठेवण्याचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे साप मारणे किंवा परवानगीशिवाय पकडणे, बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणून हे मार्गदर्शन जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकलेल्यांसाठी आणि वन खात्याला कळवून काम करणाऱ्यांसाठी आहे. बाकी घरच्यांनी मुले आणि कुत्रा आत घ्यावा, दहा हात लांब उभे राहून जनावर कुठे जाते यावर नजर ठेवावी आणि वन खात्याला किंवा सर्पमित्राला फोन करावा. ती नजर ठेवणेही मोठे काम आहे. साप दिसेनासा झाला की शोधताना धोका वाढतो.

आता आकडी. दांड्यासाठी माणगा या बांबूची सरळ, वाळलेली काठी घ्या. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे तो सहसा पिचत नाही. दांडा सव्वा मीटरचा ठेवा. साधारणपणे साप आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेप घेतो, पण तेवढ्या हिशेबावर उभे राहू नका, जास्त अंतर ठेवा. ८ मिलिमीटर जाडीची सळी सुमारे ४५ सेंटिमीटर कापून घ्या आणि तिचे टोक वेल्डिंगवाल्याकडून सहा-सात सेंटिमीटर रुंद, उथळ वाकवून आणा. वाक अरुंद झाला तर सापाचे अंग त्यात अडकते, फार उथळ झाला तर घसरते. टोक किंचित बाहेर वळवा, कानशीने गोल करा आणि पॉलिश पेपरने इतके घासा की गालावरून फिरवले तरी खरवडू नये. दांड्याला १२ सेंटिमीटर खोल भोक पाडा, इपॉक्सी गोंद भरून सळी बसवा आणि वरून तारेने आवळा. दुसऱ्या दिवशी दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली आकडीला टांगून दहा मिनिटे धरा. जोड हलला तर पुन्हा करा. घोणशीसारखे जड जनावर उचलताना जोड सुटला तर ते पायाशी पडेल.

पिशवीसाठी मांजरपाट उत्तम. तो घट्ट असतो, हवा जाऊ देतो आणि आत अंधार राहतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद पिशवी शिवा, दुहेरी शिलाई घाला आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. आत सुटलेला दोरा खवल्यांत किंवा दातांत अडकू शकतो. तोंडाशी चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा बसवा, त्याच्या कडा घासून घ्या, आणि पिशवीचे तोंड सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळा.

हे साधे अवजार मला सगळ्यांत जास्त भरवशाचे वाटते, कारण इथे साप स्वतः चालत जातो. उघड्यावर सापडलेल्या नागाला अंधारे भोक हवे असते. पाइपचे तोंड भिंतीला लागून जमिनीवर ठेवा, स्वतः मागे सरा आणि आकडीने फक्त मागून दिशा द्या. नाग पूर्ण आत गेला की पाइपचे तोंड आकडीने वर उचला, म्हणजे तो पिशवीत उतरतो. मग पाइपच्या खालच्या बाजूला पिशवीच्या गळ्यावर काठी आडवी दाबा, पाइप काढा, गळा पिळून बांधा. पिशवी गाठीच्या वर धरून अंगापासून लांब न्या. कापडातून दात आरपार येतात, म्हणून पिशवीच्या पोटाला कधीच हात लावायचा नाही. लगेच बादलीत ठेवा.

बादली म्हणजे रंगाची वीस लिटरची, घट्ट झाकणाची. झाकणाला तीन-चार मिलिमीटरची भोके आतून बाहेर पाडा, म्हणजे धारदार कडा आत राहत नाही. फुरसे चपळ आणि लहान असते, त्याला पाइपात घालायच्या नादी लागू नका. बादली आडवी ठेवून लांब झाडूने हळू आत ढकला आणि बादली उभी करून झाकण लावा. उन्हात एक क्षणही ठेवू नका. तापलेल्या बादलीत साप लवकर दगावतो.

तीन गोष्टी मात्र मी कधी करत नाही: घट्ट धरणारा चिमटा, दोरीचा फास आणि मान दाबायचे बेचके. त्यांनी बरगड्या किंवा जबडा मोडतो, आणि मान दाबल्यावर चिडलेला नाग नंतर हाताळणाऱ्याला जास्त घातक ठरतो. किंग कोब्रा आणि अजगर यांना ही घरची अवजारे पुरत नाहीत, त्यांच्यासाठी वन खात्यालाच बोलवा.

सराव जिवंत जनावरावर करू नका. सायकलची ट्यूब वाळूने भरा, दोन्ही तोंडे बांधा आणि अंगणात आकडीने उचलून बादलीत टाका. ट्यूब खाली न पडता वीस वेळा जमले पाहिजे. जाड बूट आणि कपाळाला लावायची बॅटरी असल्याशिवाय रात्री जाऊ नका. कोणाला चावलेच, तर कापू नका, आवळून बांधू नका, त्या माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करून थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्या. साप पकडून सोबत न्यायची गरज नसते.

साप वन खात्याच्या माणसाच्या ताब्यात दिला की पिशवी उलटी करून साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. वाळल्यावर ती उजेडासमोर धरून एकेक शिवण बघा. एखादा टाका उसवलेला दिसला तर पुन्हा शिवल्याशिवाय ती खुंटीला टांगू नका.